डोकी मोजून सत्ता येत नाही : अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावाचा धडा

फर्ग्युसन म्हटले की आपल्याकडे पुण्याचे कॉलेज आठवते. आम्ही ज्या फर्ग्युसनबद्दल लिहीत आहोत ते अमेरिकेच्या मिझुरी राज्यात, सेंट लुइस शहराच्या उत्तरेला आहे. गाव लहान. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या २१,२०३. आपल्याकडच्या एखाद्या छोट्या नगरपरिषदेएवढी.

९ ऑगस्ट २०१४ ला या गावात मायकेल ब्राउन नावाच्या अठरा वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला एका गोऱ्या पोलिसाने गोळ्या घातल्या. त्याचे प्रेत भर उन्हात सुमारे चार तास रस्त्यावर पडून होते. त्यानंतर गाव पेटले, जगभर निषेध झाला. आपल्याकडेही अनेकांनी त्याचे फोटो आणि घोषणा पुढे पाठवल्या. पण आंबेडकरी तरुणाने एवढ्यावर थांबून चालणार नाही. गोळी एका क्षणात सुटते, ती सुटण्याची तयारी मात्र पन्नास वर्षे चाललेली असते. फर्ग्युसनमधली ही तयारी जनगणनेच्या तक्त्यात, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आणि निवडणुकीच्या तारखेत दिसते. त्यामुळे या लेखात आम्ही गोळीबाराची चर्चा थोडी आणि या तीन कागदांची जास्त करणार आहोत.

आकडे काय सांगतात

१९७० मध्ये फर्ग्युसनमधले शंभरातले नव्व्याण्णव लोक गोरे होते. १९८० मध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण १४ टक्क्यांवर आले, १९९० मध्ये २५ टक्क्यांवर. २००० च्या जनगणनेत ते ५२ टक्के झाले आणि २०१० मध्ये ६७ टक्के. म्हणजे ज्या गावात १९७० मध्ये जवळजवळ एकही काळे कुटुंब नव्हते, त्याच गावात चाळीस वर्षांनी दर तीन माणसांत दोन कृष्णवर्णीय होते.

याच काळात गावातली गरिबी वाढली. ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेने मांडलेल्या आकडेवारीनुसार २००० ते २०१२ या काळात फर्ग्युसनमधल्या गरिबांची संख्या दुप्पट झाली. चारातला एक माणूस सरकारी दारिद्र्यरेषेखाली गेला. २०१२ मध्ये ही रेषा चौघांच्या कुटुंबासाठी वर्षाला २३,४९२ डॉलर होती. २००० मध्ये बेरोजगारी पाच टक्क्यांच्या आत होती, ती १३ टक्क्यांच्या वर गेली. ज्यांच्या हाताला काम होते त्यांची सरासरी कमाईसुद्धा, महागाई वजा केली तर, एक तृतीयांशाने घटली. घरभाड्यासाठी सरकारी मदत घेणारी कुटुंबे सुमारे ३०० होती, ती ८०० च्या वर गेली.

हे दोन तक्ते शेजारी ठेवले की प्रस्थापितांचा निष्कर्ष ठरलेला असतो : "ते आले आणि गाव बिघडले." ही भाषा आपल्या ओळखीची आहे. आपल्या माणसाला घर भाड्याने दिले की सोसायटीचा भाव पडतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून आधी हा निष्कर्ष तपासू.

गोरे गाव आपोआप गोरे नव्हते

पहिला प्रश्न असा की १९७० मध्ये गाव ९९ टक्के गोरे होते, ते कसे? हा योगायोग होता का?

अजिबात नाही. फर्ग्युसन हे 'सूर्यास्त गाव' होते. अंधार पडला की काळ्या माणसाने या गावात दिसायचे नाही, असा तिथला रिवाज होता. शेजारी किनलॉक नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती. तिथून फर्ग्युसनला येणारा मुख्य रस्ता साखळी लावून आणि बांधकामाचे सामान टाकून बंद केलेला होता. १९६० च्या दशकातही तो बंदच होता. दुसरा एक रस्ता दिवसा उघडा असे. का? गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि साफसफाई करणाऱ्या बायकांना कामावर येता यावे म्हणून. श्रम चालतात, माणूस चालत नाही. गावकुसाची ही रीत आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही.

यामागे फक्त गावकऱ्यांचे मन नव्हते, सरकारही होते. सेंट लुइसच्या मतदारांनी १९१६ मध्ये मतदान घेऊन, कोणत्या गल्लीत कोणत्या वर्णाने राहायचे हे ठरवणारा नियम मंजूर केला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका शहराच्या खटल्यात असे नियम घटनाबाह्य ठरवले. मग खरेदीखतातच अट घालण्याचा धंदा वाढला : हे घर काळ्या माणसाला विकायचे नाही. सेंट लुइसमधल्याच शेली कुटुंबाने याविरुद्ध लढा दिला आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी अट कोर्टाकडून अमलात आणून घेता येणार नाही. तोपर्यंत मात्र केंद्र सरकारच्या गृहकर्ज विमा योजनेने आपले काम केले होते. १९३४ पासून या योजनेने उपनगरांतल्या गोऱ्यांच्या घरांना आधार दिला आणि काळ्यांच्या वस्त्यांना धोकादायक ठरवून बाजूला ठेवले. घरात वर्णाने भेदभाव करण्यावर सर्वसाधारण कायदेशीर बंदी आली ती थेट १९६८ मध्ये.

घर ही अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची मुख्य पुंजी. बाप घर घेतो, किंमत वाढते, त्यातून मुलाचे कॉलेज होते. ज्यांना तीन दशके या पुंजीपासून कायद्याने आणि करारमदाराने लांब ठेवले, त्यांच्या हातात १९७० साली काय असणार? उत्पन्नाचा तक्ता वाचताना ही वजाबाकी आधी करावी लागते.

आले ते कुठून आले

दुसरा प्रश्न : कृष्णवर्णीय कुटुंबे फर्ग्युसनला आली, ती कुठून?

बरीचशी हुसकावलेली होती. सेंट लुइस शहरातली मिल क्रीक व्हॅली ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. १९५९ पासून 'नागरी पुनर्विकासा'च्या नावाखाली तिच्यावर बुलडोझर फिरला आणि सुमारे वीस हजार लोक उठवले गेले. त्याआधी, १९५४ मध्ये, प्रूइट-आयगो नावाची ३३ इमारतींची सरकारी वसाहत उघडली होती. तिच्या देखभालीकडे असे दुर्लक्ष झाले की १९७२ ते १९७६ या काळात ती सरकारनेच पाडून टाकली. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेआठ लाख होती, २०१० मध्ये ती सव्वातीन लाखांच्याही आत आली. आधी गोरे गेले, कारण त्यांना कर्ज आणि रस्ते दोन्ही मिळत होते. नंतर ज्या कृष्णवर्णीयांना जमले तेही उत्तरेकडच्या उपनगरांत सरकले.

आणि ते किनलॉक? ज्याच्या तोंडावर साखळी बांधली होती? १९८० च्या दशकापासून शेजारच्या विमानतळासाठी, आवाजाचे कारण देऊन, तिथली घरे विकत घेतली गेली. १९९० मध्ये किनलॉकमध्ये सुमारे २,७०० माणसे होती. २०१० च्या जनगणनेत उरली २९८. शाळा, चर्च, दुकाने, नातीगोती असलेले एक जुने कृष्णवर्णीय गाव नकाशावर नावापुरते राहिले. तिथले अनेक लोक शेजारच्या फर्ग्युसनमध्ये आले, विशेषतः भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. म्हणजे ज्यांना येऊ दिले नाही त्यांना आधी घराबाहेर काढले, आणि ते दारात आल्यावर म्हटले, "बघा, हे लोक आले."

गोऱ्यांनी जाण्याची वाटही जुनीच धरली. काही उपनगरांनी तर स्वतःभोवती कायद्याचे कुंपण घातले. फर्ग्युसनच्या उत्तरेला असलेल्या ब्लॅक जॅक या भागाने १९७० मध्ये स्वतंत्र नगरपालिका स्थापन केली आणि लगेच नवीन अपार्टमेंट बांधायला बंदी केली. कारण तिथे सर्व वर्णांच्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे येणार होती. १९७४ मध्ये अपील न्यायालयाने ही बंदी भेदभावाची ठरवली. पण तोवर ती योजना मोडून पडली होती.

उत्पन्न घटण्याचे कारणही त्वचेच्या रंगात शोधायचे नसते. उत्तर भागातल्या मध्यमवर्गाला ज्या कारखान्यांनी आणि विमान उद्योगाने उभे केले तेच आटत गेले. हेझलवूडचा फोर्ड मोटारीचा कारखाना १९४८ पासून चालू होता, तो २००६ मध्ये बंद झाला. मागोमाग २००८ चे गृहकर्जाचे संकट आले. ज्यांनी पिढीत पहिल्यांदा घर घेतले होते त्यांच्याच गळ्यात सगळ्यात महागडी कर्जे बांधलेली होती. ती कुटुंबे सगळ्यात आधी बुडाली. हाती घर आले, तेव्हा घराचा भाव गेला. गावात पगाराची नोकरी मिळू लागली, तेव्हा कारखान्याला कुलूप लागले. याला 'ते आले आणि गाव बिघडले' म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे.

रिकामी तिजोरी कुणी भरली

आता दुसरा कागद काढू : नगरपालिकेचे अंदाजपत्रक.

बाबासाहेब हे अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण अभिमानाने सांगतो. कोलंबिया विद्यापीठातल्या त्यांच्या संशोधनाचा विषय ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्ताचा होता. सरकारचा पैसा कुणाकडून येतो, कुणावर खर्च होतो आणि हे ठरवते कोण, ही नजर त्या अभ्यासातून आपल्याला मिळते. तीच फर्ग्युसनला लावून पाहू.

सेंट लुइस परगण्यात २०१४ मध्ये सुमारे ९० छोट्या नगरपालिका आणि ८१ नगरपालिका न्यायालये होती. वर्णाच्या आणि वर्गाच्या कुंपणांतून तयार झालेले हे तुकडे. प्रत्येकाला स्वतःचा महापौर, स्वतःचे पोलीस, स्वतःचे कोर्ट हवे, आणि तेवढा कर तर गोळा होत नाही. गावातल्या लोकांचे उत्पन्न घटले, खरेदी घटली, विक्रीकर घटला. मग पैसा आणायचा कुठून?

अमेरिकेच्या न्याय खात्याने ४ मार्च २०१५ ला प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात याचे उत्तर आहे. २०१० च्या आर्थिक वर्षात फर्ग्युसनच्या सर्वसाधारण निधीत सुमारे १ कोटी १० लाख डॉलर आले. त्यातले १३ लाख ८० हजार दंड आणि कोर्टाच्या शुल्कातून. २०१५ च्या अंदाजपत्रकात हीच रक्कम ३० लाख ९० हजार धरली होती, एकूण १ कोटी ३२ लाख ६० हजारांपैकी. म्हणजे पाच वर्षांत दंडाचा वाटा आठव्या हिश्शावरून जवळजवळ चौथ्या हिश्शावर. मार्च २०१० मध्ये नगरपालिकेच्या वित्त अधिकाऱ्याने पोलीस प्रमुखांना लिहिले होते की विक्रीकरात तूट आहे, तेव्हा पावत्या फाडण्याचे काम वाढवले नाही तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणे कठीण जाईल. पोलिसाला गुन्हा रोखायला ठेवले होते की वसुलीला, हे वेगळे सांगायला नको.

दंड कशाचा? गवत वाढले म्हणून. शेजारच्या एखाद्या गावात ज्याला पाच डॉलर दंड होता, त्याला फर्ग्युसनमध्ये ७७ ते १०२ डॉलर. गाडी चुकीच्या जागी लावली, १०२ डॉलर. आणि 'रस्त्यात चालण्याची पद्धत' असा एक गुन्हा होता. फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालले की लागतो. २०११ ते २०१३ या काळात हा गुन्हा ज्यांच्यावर लावला त्यांतले ९५ टक्के कृष्णवर्णीय होते. मायकेल ब्राउनला पोलिसाने पहिल्यांदा हटकले तेही रस्त्याच्या मधून चालण्यावरूनच.

२०१२ ते २०१४ या काळात गावात कृष्णवर्णीय ६७ टक्के होते. पण अडवलेल्या वाहनचालकांत ते ८५ टक्के, पावती फाडलेल्यांत ९० टक्के, अटक झालेल्यांत ९३ टक्के. त्यांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त वेळा घेतली जात होती, आणि बेकायदा वस्तू मात्र त्यांच्याकडे गोऱ्यांपेक्षा कमी वेळा सापडत होती.

अहवालात एका कृष्णवर्णीय बाईची हकिगत आहे. २००७ मध्ये तिने एकदाच गाडी चुकीची लावली. दोन पावत्या, १५१ डॉलर आणि वर शुल्क. तिच्याकडे पैसे नव्हते, कधीकधी राहायला घरही नव्हते. तारीख चुकली की नवा दंड, हप्ता चुकला की अटकेचे वॉरंट. दोनदा अटक झाली, सहा दिवस ती तुरुंगात काढून आली. डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते, आणि तरीही ५४१ डॉलर देणे बाकी होते. सावकाराच्या वहीत आपल्या आज्यापणज्यांचे कर्ज असेच वाढत असे. फरक एवढाच की इथे वही कोर्टाची होती. डिसेंबर २०१४ मध्ये या एका छोट्या कोर्टाची वॉरंटे सोळा हजारांहून जास्त माणसांवर निघालेली होती. त्यांत बाहेरगावचेही होते, पण आकडा गावाच्या लोकसंख्येच्या तीन चतुर्थांशाएवढा!

याच गावात एमर्सन इलेक्ट्रिक या बड्या कंपनीचे मुख्यालय होते. वर्षाची उलाढाल वीस अब्ज डॉलरच्या वर. आणि नगरपालिका हिशेब जुळवत होती गवतावर आणि गाडी लावण्यावर. उत्पन्न घटलेल्या माणसाच्याच खिशातून तिजोरी भरायची आणि त्याच तिजोरीतून त्याला अडवणाऱ्या पोलिसाचा पगार द्यायचा, असा हा कारभार होता.

बहुसंख्या असून अल्पमत

आता तिसरा कागद, निवडणुकीची तारीख. आमच्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

२००० पासून फर्ग्युसनमध्ये कृष्णवर्णीयांची बहुसंख्या आहे. तरी २०१४ मध्ये महापौर गोरा, सहा नगरसेवकांत कृष्णवर्णीय एक, आणि पन्नासेक पोलिसांत तीन-चार. असे कसे झाले?

फर्ग्युसनची स्थानिक निवडणूक एप्रिलमध्ये होते. अध्यक्ष, राज्यपाल यांच्या निवडणुका नोव्हेंबरमध्ये. नोव्हेंबरमध्ये वातावरण तापलेले असते, पक्ष माणसे घराबाहेर काढतात. एप्रिलमध्ये ना पक्षाचे चिन्ह, ना सभा. २०१३ च्या एप्रिलमध्ये गावात जेमतेम १२ टक्के मतदान झाले. जे २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये मतदानाला गेले होते त्यातले बहुतेक एप्रिलमध्ये घरीच राहिले. आता विचार करा, मतदानाला कोण जातो? ज्याचे स्वतःचे घर आहे, जो वीस-तीस वर्षे तिथे राहतो, ज्याला नगरपालिकेचा माणूस नावाने ओळखतो. आणि कोण जात नाही? जो भाड्याने राहतो, दर वर्षा-दोन वर्षांनी पत्ता बदलतो, दोन ठिकाणी राबतो, आणि ज्याला नगरपालिकेच्या इमारतीत गेलो तर वॉरंट निघेल अशी भीती वाटते. जुन्या गोऱ्या रहिवाशांना मतदान चोरावे लागले नाही. फक्त तारीख त्यांच्या सोयीची होती.

बाबासाहेबांनी राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांतला फरक पुन्हा पुन्हा सांगितला. जातीय बहुमत जन्माने ठरते, ते बदलत नाही आणि अल्पसंख्याकाला आत घेत नाही. फर्ग्युसन त्याला आणखी एक बाजू जोडते : संख्येने अल्प असूनही जुना सत्ताधारी गट नियमांच्या आधारावर बहुमतासारखा वागू शकतो. 'जितनी जिसकी संख्या भारी' ही घोषणा आपण देतो. घोषणा रास्त आहे, पण संख्या आपोआप हिस्सेदारी होत नाही. मध्ये यंत्रणा असते. ती बदलल्याशिवाय संख्या फक्त जनगणनेच्या तक्त्यात राहते.

तिथला खटला आणि बाबासाहेबांची मतपद्धती

इथे एक गोष्ट प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

गावाची शाळा चालवणारे फर्ग्युसन-फ्लोरिसंट शालेय मंडळ अनेक गावांचे मिळून आहे. १९७५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने किनलॉकच्या आणि बर्कलीच्या शाळा त्यात विलीन झाल्या, कारण काळ्या मुलांना वेगळे आणि निकृष्ट शिक्षण मिळत होते. २०१४ मध्ये मंडळातले बहुसंख्य विद्यार्थी कृष्णवर्णीय होते, आणि सात सदस्यांच्या मंडळात कृष्णवर्णीय सदस्य एक. निवडणूक सगळ्या भागाची एकत्र, एप्रिलमध्येच. एकगठ्ठा मते असलेला गट दर वेळी जवळजवळ सगळ्या जागा घेऊन जाई.

कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या जुन्या संघटनेच्या मिझुरी शाखेने डिसेंबर २०१४ मध्ये मताधिकार कायद्याखाली खटला भरला. २०१६ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी निकाल दिला की या पद्धतीने कृष्णवर्णीयांच्या मताचे मोल कमी होते, आणि उपाय म्हणून 'संचित मतदान' लागू केले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला. संचित मतदान म्हणजे काय? तीन जागा असतील तर मतदाराला तीन मते. ती तिघांना एकेक द्या, किंवा तिन्ही एकालाच द्या. त्यामुळे एकजूट असलेला छोटा गटही आपला माणूस निवडून आणू शकतो, आणि तो खरोखर त्याचाच माणूस असतो.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. मुंबई प्रांतात १९३७ च्या निवडणुकीत ती होती. १९५२ ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा उत्तर मुंबईत दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. त्या निवडणुकीत राखीव जागेवर घटनेच्या शिल्पकाराचा पराभव झाला आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात बाबासाहेबांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी उपाय सुचवला तो हाच : दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचित मतदान. भारताने ते ऐकले नाही. १९६१ मध्ये द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द झाले. साठ वर्षांनी अमेरिकेतल्या एका न्यायालयाने एका छोट्या शालेय मंडळासाठी तोच उपाय शोधला.

आता आपल्या घराकडे पाहू. मुंबई सोडली तर आपल्या महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. प्रभाग मोठा, जागा तीन-चार, पण प्रत्येक जागेसाठी मत वेगळे. मते एकत्र करून एकालाच देण्याची सोय नाही. म्हणजे मोठ्या मतदारसंघाचा तोटा आपल्याला, आणि संचित मतदानाचा फायदा नाही. राखीव जागेवर निवडून कोण येतो? जो सगळ्या प्रभागाला चालतो तो. तो वस्तीचा असेलच असे नाही. या विषयावर आपल्या संघटनांनी किती निवेदने दिली, किती मोर्चे काढले? विचार करावा.

खुर्ची बदलली, पुढे काय

फर्ग्युसनचे लोक आंदोलनावर थांबले नाहीत. एप्रिल २०१५ मध्ये मतदान १२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास गेले आणि सहापैकी तीन नगरसेवक कृष्णवर्णीय झाले. नव्या न्यायाधीशांनी २०१४ अखेरपर्यंतची वॉरंटे रद्द केली. मिझुरी राज्याने वाहतूक दंडातून मिळणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा ३० टक्क्यांवरून खाली आणली. २०१६ मध्ये न्याय खात्याशी पोलीस सुधारणांचा करार झाला. जून २०२० मध्ये एला जोन्स महापौर झाल्या, गावाच्या पहिल्या कृष्णवर्णीय आणि पहिल्या महिला महापौर. ही कमाई छोटी नाही.

पण सगळे सांगायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वेस्ली बेल हे २०१५ मध्ये निवडून आलेले फर्ग्युसनचे कृष्णवर्णीय नगरसेवक २०१८ मध्ये अख्ख्या परगण्याचे सरकारी वकील झाले. त्यांनी ब्राउनच्या मृत्यूचे प्रकरण पुन्हा तपासले आणि जुलै २०२० मध्ये जाहीर केले की खटला भरणार नाही. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १८,५२७ वर आली. खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणून बंद कारखाना उघडत नाही, कायद्याची कलमे बदलत नाहीत. प्रतिनिधित्व ही पहिली पायरी आहे. तिजोरी आणि कायदा ही पुढची.

वर्ण आणि जात एक नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती, आणि १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. त्यांनी तिकडे पाहिले ते सहानुभूतीसाठी नाही, हत्यार शोधण्यासाठी.

फर्ग्युसनमधून आपण तीन कामे उचलू शकतो. पहिले, आपल्या वॉर्डाच्या जनगणनेचे जुने-नवे तक्ते काढा : कोण आले, कोण गेले, का गेले. दुसरे, आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागवा आणि वस्तीकडून किती घेतले, वस्तीवर किती खर्च केले हे एका पानावर लिहा. तिसरे, प्रभागरचनेच्या हरकतींची तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी नकाशा घेऊन हजर राहा. जयंतीच्या मिरवणुकीला आपण हजारोंनी जमतो. प्रभागरचनेच्या सुनावणीला पन्नास माणसे गेली तरी अधिकाऱ्याची मान वर होईल.

जातनिहाय जनगणना व्हायलाच हवी. पण मोजणीच्या दुसऱ्या दिवशी काय करायचे, याची तयारी आजच झाली पाहिजे. फर्ग्युसनमध्ये मोजणी दोनदा झाली होती, २००० मध्ये आणि २०१० मध्ये. दोन्ही वेळा आकडा कृष्णवर्णीयांच्या बाजूने होता. नियम मात्र दुसऱ्यांच्या हातात होते.

जय भीम!